बांधाखालची काडेपेटी

रविवारी दुपारची जेवणं उरकली की विश्राम जमिनीवर काड्या मांडून शेत आखायचा. ही विहीर, हा गोठा, इकडे आंब्याची कलमं, आणि खाटेच्या पायाशी घर. राहायला डोंबिवलीत भाड्याच्या खोल्या, पोटाला सरकारी कचेरीतली कारकुनी, आणि डोक्यात मात्र भाताची खाचरं. सुमती बाळाला पाजता पाजता बघायची. वारा पश्चिमेचा आहे, गोठ्याचा वास घरात येईल, एवढंच म्हणायची. मग तो निमूटपणे गोठा उचलून दुसरीकडे ठेवायचा.

सुमती बी. ए. झालेली, तीही तर्कशास्त्र घेऊन. एकापाठोपाठ दुसरं घडलं म्हणजे ते पहिल्यामुळेच घडलं असं नव्हे, हे तिनं परीक्षेत झकास लिहिलेलं. बाळाच्या बाबतीतही तिचं सगळं डोळ्यांत तेल घालून चाले. दुपट्यांचे डाग ती उजेडात धरून बघे, झोपलेल्या पोराच्या नाकाशी बोट धरी, आणि कोपऱ्यावरच्या वाण्याच्या तराजूत त्याचं वजन करून आणी. वाणी हसायचा, पण पारडं पुसून द्यायचा.

नाळ वाळून पडली तेव्हा मात्र तिचा डोळा लागला होता. तिच्या माहेरी ती फडक्यात बांधून पाळण्याला टांगत. विश्रामच्या गावी ती आपल्या शेतात पुरत, म्हणजे जमीन मुलाला ओळखते. पण गावची जमीन चुलत्यांनी कधीच गिळलेली. तेव्हा या बहाद्दरानं नाळ काडेपेटीत घातली, कल्याणजवळच्या मोहन्याला गेला आणि तिथल्या काळुराम नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात, नदीकडच्या बांधाखाली पुरून आला. ते शेत विकत मिळावं म्हणून तो वर्षभर काळुरामच्या दारी खेटे घालत होता. काळुराम आज हो म्हणायचा, उद्या भावांवर ढकलायचा.

"दुसऱ्याच्या जमिनीत?" सुमतीनं विचारलं.

"आज दुसऱ्याची. आता बघ, आपोआप आपली होते की नाही."

ती हसली. बाळाची बेंबी मात्र सुकेना.

कल्याणच्या डॉक्टरांनी औषधाची काडी फिरवली, पावडर दिली, पहिलटकरणी उगाच घाबरतात म्हणाले. पावडर ओली होऊन जाई. त्यातच बाळ अंगावर कमी पिऊ लागलं. आधी संध्याकाळचं सोडलं, मग दुपारचं. छाती दगडासारखी ठणके, पदर भिजे, आणि पोर तोंड फिरवून आढ्याकडे बघत पडे. रडत नसे. भूक लागलेलं मूल असं पडत नाही, हे तिला कळत होतं. घाबरून ती वाण्याकडे धावली. वजन वाढलं होतं. तिनं दुसऱ्या वाण्याकडे जाऊन पाहिलं. तिथंही वाढलेलंच.

आंघोळ घालायला बायजा येई, पलीकडच्या आगरी पाड्यातली. पायावर घेतलेल्या बाळाच्या अंगावरून ओघळणारं पाणी पाहून एकदा तिचा हात थांबला. "काय गो बाय, पोराला चिखलात लोळवतंस काय? पानी बघ कसा गढूल झायलाय." सुमतीनं न्हाणीतल्या खळग्यात बोट घातलं. बारीक, काळी, मऊ माती. खोलीतली फरशी तर शहाबादी होती.

फाल्गुनात एका रविवारी भर दुपारी बाळ एकाएकी तापलं. पोट लाल, हात लावू देईना. सुमतीनं तोंड जवळ नेलं तर त्याच्या श्वासाला जळक्या शेणाचा आणि पाल्याचा वास. ओल्या फडक्यांनी ती पोराला पुसत राहिली. दिवेलागणीला विश्राम मोहन्याहून आला तो खुशीत. काळुरामनं आज राब भाजला. शेण, पालापाचोळा पसरून, पेटवून बांधापर्यंतची जमीन कशी खरपूस केली, ते तो चपला काढता काढता सांगू लागला. ताप तोवर उतरला होता. "केव्हा भाजला?" तिनं विचारलं. दुपारी, तो म्हणाला. परीक्षेत लिहिलेलं वाक्य तिनं मनात म्हणून पाहिलं. ते कोणीतरी दुसऱ्यानं लिहिल्यासारखं वाटलं.

वैशाखात काळुरामनं साफ नाही सांगितलं. शेत विकायचं नाही, यंदा बांधापर्यंत नांगर घालणार. विश्राम तोंड पाडून बसला. सुमतीनं मात्र बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि आत्ताच्या आत्ता मोहन्याला चला म्हणाली. आपलं जे आहे ते काढून आणायचं.

कल्याणहून टांगा केला. काळुराम कुदळ घेऊन बांधावर आला, चेष्टेच्याच सुरात. "एवढ्याशा वस्तूपाई पोराला उन्हातानाचा आनलाव, वयनी? शिकल्यासवरल्या तुमी." पण खणायला लागला. बाळ टांग्यापासून किरकिरत होतं.

काडेपेटी लागली. फुगून चारही बाजूंनी उसवलेली.

तिच्यात काही नव्हतं. तिच्या तळातून काहीतरी खाली गेलेलं होतं. पांढुरकं, बोटाएवढं जाड, पिळासारखं वळलेलं, ओलसर. काळुरामनं आणखी खणलं. ते आणखी खाली गेलं.

"मूळ हाय कसलातरी," काळुराम म्हणाला. आसपास झाड नव्हतं. त्यानं कमरेचा कोयता काढून त्याच्यावर टेकवला.

बाळ रडायचं थांबलं.

सुमतीनं खाली पाहिलं. त्याचे डोळे उघडे होते, ओठ निळसर. नाकाशी धरलेल्या बोटाला काही लागेना.

"कोयता उचला," ती म्हणाली.

काळुरामनं उचलला. बाळानं श्वास घेतला.

ती खड्ड्याशी बसली. एक हात बाळाच्या छातीवर ठेवला, दुसरा खाली नेला. ते कोमट होतं. दोन्ही हातांखाली एकच ठोका पडत होता.

"बुजवा," ती म्हणाली. "हळू."

त्यानंतर काळुराम त्या शेतात उतरला नाही. पुढच्याच आठवड्यात स्वतःच्या पायांनी डोंबिवलीला आला आणि शेत तुमीच घ्या म्हणाला, भावांचं मी बघतो. दारातूनच बोलला. बाळ आत होतं, तिकडे त्यानं मान वळवली नाही. विश्रामला आकाश ठेंगणं झालं. आणि चला, तिथंच राहू, असा धोशा लावला तो सुमतीनं. कुणाचा नांगर, कुणाची कुदळ कधी लागेल, कोणी सांगावं? खाचरात तिनं कुडाचं घर बांधून घेतलं, बांधाभोवती दगड लावले, आणि दिवसभर तिथं बसून राहू लागली. विश्राम गोठ्याची जागा विचारायला येई. कुठंही बांधा, म्हणायची.

भात असं आलं की शेजारचे बघायला येत. पोरगंही तसंच, गुटगुटीत, कधी साधं पडसं नाही. सुमतीचं दूध केव्हाच आटलं होतं. जावळ झालं, पोर बसू लागलं, रांगू लागलं. ती हात पसरायची. ते तिच्याकडे एखाद्या पाहुण्याकडे बघावं तसं बघायचं आणि वळून बांधाकडे जायचं.

एका सकाळी ती अंगणात तांदूळ निवडत होती. पोर सारवलेल्या जमिनीवर पालथं पडलं होतं, गाल भुईला टेकवून. तिथूनच ते पहिल्यांदा स्पष्ट म्हणालं, "आई."

सुमतीच्या हातातलं सूप कलंडलं. पण त्यानं मान वर केली नव्हती. कान जमिनीला लावून ते थोडा वेळ गप्प राहिलं, उत्तर ऐकावं तसं.

मग ते हसलं.