माळावरची लाल पट्टी

नदीकाठचा माळ सैन्याला सरावासाठी देताना ज्या साहेबाने कागदावर 'जागा रिकामी' असं लिहिलं, त्याने तिथे पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. टाकलं असतं तर टिटवीने त्याला पळता भुई थोडी केली असती! रिकामी म्हणे!

आत्ताही ती माळावर आलेल्या भिंगरी नावाच्या पोरीच्या डोक्यावर किंचाळत घिरट्या घालत होती. मधेच खाली उतरून पंख मोडल्यासारखी फरफटायची.

"जखमी आहे बिचारी," ढापण्या म्हणाला. हा भिंगरीचा मावसभाऊ. चष्मा लावूनही काही दिसेल तर शपथ!

"सोंग आहे ते! आपल्याला लांब न्यायचंय तिला. म्हणजे इथेच कुठेतरी... हलू नकोस!"

ढापण्याच्या चपलेपासून वीतभर अंतरावर, खड्यांत खड्यांसारखीच दिसणारी चार अंडी! पलीकडे ट्रकच्या चाकांचे ताजे चर, आणि त्यात एका घरट्याचा पार चेंदामेंदा.

"पक्का रस्ता असताना ट्रक इथून का?"

"वळसा वाचतो ना!" भिंगरी दात-ओठ खात छावणीकडे निघाली.

तिचं म्हणणं ऐकून छावणीतले हवालदारकाका पोट धरून हसले. "पाखरांसाठी सैन्य थांबवू? चहा झाला की निघतोच आम्ही."

"मग थांबता तरी कशासाठी?"

"सुरुंगासाठी! त्याच्या खुणेची लाल पट्टी दिसली की रणगाडासुद्धा जागच्या जागी. पहिला धडाच तो!"

भिंगरीचे डोळे चमकले. बाहेर येताच ती म्हणाली, "ढापण्या, मावशीची लाल चादर आण!"

"आई सोलून काढेल!"

"मला सोलेल. पळ!"

चादरीच्या पट्ट्या फाडून काठ्यांना बांधल्या, काठ्या घरट्याभोवती रोवल्या, तोच ट्रक आले. पहिल्याने करकचून ब्रेक मारला. शिट्ट्या! आरडाओरडा! हवालदारकाका तर सपशेल आडवे!

"हे कुणाचं काम?" ट्रकमधून उतरलेल्या कॅप्टन मॅडम कडाडल्या.

"माझं!" भिंगरी पुढे झाली. "सुरुंग नाहीत, अंडी आहेत. तुम्ही दुसऱ्या कशाला थांबतच नाही म्हणे! या, बघा. पण पायाखाली बघत!"

मॅडम वाकल्या. एका अंड्याला तडा गेला होता. आतून इवलीशी चोच टोचत होती. मॅडमनी हळूच टोपी काढली.

"हवालदार! ट्रक मागे, पक्क्या रस्त्याने. मग सगळे इथे खाली बसा. आज शिकवणार ही."

मग काय! टिटवी ओरडली की थांबायचं, आधी जमीन बघायची, चाकं मळलेल्या वाटेवरच ठेवायची. भिंगरीने सगळ्यांकडून वदवून घेतलं. हवालदारकाकांकडून तर दोनदा!

"शाबास, पोरांनो!" मॅडमनी चक्क सॅल्यूट ठोकला.

"शाबासकी राहू द्या," भिंगरी म्हणाली. "पुढच्या महिन्यात दुसरी तुकडी येईल, तेव्हा आम्ही शाळेत असू. त्यांना हे कोण शिकवणार? सांगा ना मॅडम, कोण?"