केशरबाईंच्या दंडावरचा कापूस

"सिस्टर! केशरबाई बोलत नाहीयेत!"

मनवाची किंकाळी वॉर्डभर घुमली. केशरबाईंची उशी घामानं चिंब, डोळे अर्धवट उघडे, हात गारठलेला.

जामखेडच्या या छोट्या दवाखान्यात मनवा अकरावीच्या सुट्टीत मदतीला येत होती. मेडिकलला जायचं की नाही, हे तिला आधी आजारी माणसांजवळ बसून ठरवायचं होतं. म्हणून तर केडगावचं आरोग्य शिबिर तिनं एका दिवसात सोडलं. तिथं पोरापोरींना पांढरे अ‍ॅप्रन मिळाले होते, सर्टिफिकेटही मिळणार होतं, पण आजारी माणसांजवळ बसायला मिळत नव्हतं. इथं डॉक्टर अंबिका मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "अ‍ॅप्रन नाही. पाणी द्या, गप्पा मारा. सुईला हात लावायचा नाही!" तिचा वर्गमित्र अनिमेष मात्र शिबिर पूर्ण करून मग इथं आला होता.

मॅडम धावत आल्या. केशरबाईंच्या बोटाला टोचून त्यांनी साखर तपासली.

"बाप रे, किती खाली! ग्लुकोज आणा!"

शिरेतून ग्लुकोज गेलं. केशरबाई पुटपुटल्या, "डाक्तरनी मगाशीच टोचलं की..."

मॅडम थबकल्या. "मी? मी तर आत्ता घरून येतेय."

आणि साखर पुन्हा उतरू लागली.

"रुपाली, इन्सुलिन किती दिलंस?"

"रोजचंच, मॅडम. सकाळी, पोटावर." सिस्टरचा आवाज फाटला. मग तिची नजर वळली. "पण सकाळपासून ही मनवाच बसलीय त्यांच्याजवळ!"

मनवानं सकाळ आठवून पाहिली. ती फक्त एकदा उठली होती, केशरबाईंचा मुलगा रंगनाथ डबा घेऊन आला तेव्हा. गेटपर्यंत, बस्स!

"काय गेलंय, किती गेलंय, मला आत्ताच्या आत्ता कळलं पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर ह्या हातच्या जातील."

घाम पुसताना मनवाचं बोट अडलं. ब्लाउजच्या बाहीखाली, दंडावर, कापसाचा बोळा चिकटपट्टीनं लावलेला! तिनं बाही तशीच खाली ओढली.

अनिमेष खाटेच्या पायथ्याशी उभा होता. "अनिमेष, मी गेटवर गेले तेव्हा तू कुठं होतास?"

"मेडिकलच्या दुकानात."

"वॉर्डात आलाच नाहीस?"

"नाही म्हटलं ना! पोलीस झालीस का तू? मी कशाला कुणाच्या दंडात इंजेक्शन खुपसू?"

मनवा गर्रकन वळली.

"दंडात?" तिनं विचारलं. "सिस्टर तर पोटावर म्हणाल्या. दंडावरचा कापूस आत्ता मला दिसला. मी कुणालाच सांगितलं नाही."

"अगं, मी आपलं असंच..."

"केशरबाई मला पोरी म्हणतात, तुला लेकरा. मग आज डाक्तर कोण? ज्याच्या अंगावर पांढरा अ‍ॅप्रन होता, तो! आपल्याकडं अ‍ॅप्रन दिसला की माणूस विचारत नाही, नुसता हात पुढं करतो. शिबिराचा अ‍ॅप्रन तुझ्या बॅगेतच असणार. काढून दाखव!"

अनिमेषचा हात बॅगेवर गेला. "परदेशातल्या कॉलेजला अनुभव दाखवायचा होता... फोटोपुरतं. मला वाटलं, सकाळचं राहिलंय."

"किती दिलंस?" मॅडम ओरडल्या.

"चोवीस युनिट. फ्रीजमधल्या त्यांच्याच बाटलीतलं."

सलाईन लागली. पुन्हा बोट टोचलं, पुन्हा टोचलं. शेवटी मॅडमनी मान हलवली. "साखर टिकतेय."

मग त्या अनिमेषकडं वळल्या. "पोलिसांना मी कळवते. पण त्याआधी बाहेर थांबलेल्या रंगनाथला तू सांगायचंस. मी शेजारी उभी राहते."



दारावर थाप पडली. "मॅडम, आत येऊ का? आई बरी हाय ना?"

अनिमेषनं मान खाली घातली. मनवानं दार उघडलं.