तिसरा बिछाना

ओटिलीची मुलगी हर्मिना, हर्मिनाची आल्मुट आणि आल्मुटची गेझीना. या घराण्यात प्रवासाचा बेत आखायचा तो बायकांनीच, आणि एकदा आखलेला बेत मोडायचा नाही, ही शिस्त चौघींनीही पाळली.

ब्रेमेनमधल्या आपल्या स्वयंपाकघरात दुपारची कॉफी आटोपून गेझीना हॉलवेग चौकटींची वही घेऊन बसली होती. मे महिन्यात येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी सुटी असते. मधला शुक्रवार रजा टाकून जोडला की शनिवार आपोआप हाती येतो. ही जोडसुटी तिने जानेवारीतच राखून ठेवली होती. हिल्डेसहाइम, गुरुवार ते शनिवार, दोन रात्री, दोन माणसे. गाडी बदलायला हानोव्हरला अकरा मिनिटे. पाऊस असेल तर संग्रहालय, नसेल तर जुन्या तटावरून फेरी.

दुसरे माणूस म्हणजे तिची मुलगी वीबके. तीन वर्षे वीबकेने आईचे तोंड पाहिले नव्हते. शेवटच्या सहलीला गेझीनाने लेकीला न सांगता तिच्या घटस्फोटित नवऱ्याला बोलावून ठेवले होते. दोघांचे जुळवून द्यावे म्हणून. वीबके त्याच संध्याकाळी निघून गेली. आता ती यायला तयार झाली होती, तीही एका अटीवर.

"फक्त आपण दोघी, आई. तिसरं माणूस दिसलं तर मी दारातून परत फिरेन. आणि मग पुन्हा बोलावू नकोस."

सोमवारी अतिथिगृहाचे पत्र आले. सुबक टंकलेले, खाली मालकीण टोनीसबाईंची सही. दोन रात्री, माणसे तीन, बिछाने तीन.

गेझीनाने तत्काळ फोन लावला.

"चूक झालीय, टोनीसबाई. आम्ही दोघीच आहोत."

"तुमच्या तिसऱ्या बाईंनी स्वतः फोन केला होता ना! एल्फ्रीडे ब्रांडेस. फार हळू बोलतात हो. मी दोनदा विचारलं, तेव्हा नाव कळलं."

"या नावाचं आमच्यात कुणी नाही. बिछाना काढून टाका."

"काढते की. मला काय, चादर एक कमी धुवायची."

गुरुवारी दुरुस्त केलेले पत्र आले. माणसे तीन. बिछाने तीन. गेझीनाने ते खिडकीपाशी नेऊन पुन्हा वाचले. कागदाला जळक्या लाकडाचा किंचित वास येत होता. टोनीसबाईंच्या घरी शेगडी असेल, असे तिने स्वतःला बजावले आणि फोन उचलला.

या खेपेस टोनीसबाई हसल्या नाहीत. "मी माझ्या हातानं दोन लिहिलं होतं, हॉलवेगबाई. पाकीट चिकटवायच्या आधी वाचूनही पाहिलं. आणि त्यांचा पुन्हा फोन आला. जेवण नको, न्याहारी नको. भिंतीकडचा बिछाना पुरे म्हणाल्या, आणि कुणी उठवू नये."

गेझीनाने आईला फोन केला. आल्मुट चौऱ्याऐंशी वर्षांची, ल्युनेबुर्गच्या वृद्धाश्रमात. बुद्धी शाबूत, जीभ तिखट.

"काय गं, आज बरी आठवण झाली?"

"आई, एल्फ्रीडे ब्रांडेस कोण?"



"तुला हे नाव कुणी सांगितलं?"

"आधी मला उत्तर दे."

"मी चार वर्षांची होते," आल्मुट म्हणाली. "पंचेचाळीसचा मार्च, युद्धाचे शेवटचे दिवस. पूर्वेकडून पळून येताना आम्ही हिल्डेसहाइमला उतरलो. माझी आजी, आई आणि मी. आईला ताप. कुणी दार उघडेना. या बाईंनी उघडलं. आपला एकुलता एक बिछाना आम्हाला दिला. दोन रात्री स्वतः स्वयंपाकघरातल्या बाकावर बसून होत्या, डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला गाडी मिळाली. आम्ही गेल्यावर त्या आडव्या झाल्या असतील. दुपारी भोंगे वाजले, विमानं आली. सगळी गल्ली तळघरात उतरली. त्या उतरल्या नाहीत. शेजारणीनं पुढं आजीला पत्र लिहिलं: एवढी गाढ झोप, की भोंगा ऐकूच आला नाही."

"हे मला कधीच का सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? आजी जन्मभर म्हणायची, त्या बाईची दोन रात्रींची झोप आपल्याकडे राहिली." मग गेझीनाने पत्रांतला तिसरा बिछाना सांगितला, तशी आल्मुट म्हणाली, "गेझीना, तो बिछाना काढायला सांगू नकोस."

गेझीना वहीपुढे बसून राहिली. बिछाना राहिला तर लेक जाणार. जुन्या सवयीने मनात एक सबब तयारही झाली: खोलीच तीन बिछान्यांची मिळाली, असे सांगता येईल. तिने ती सबब मोडून काढली आणि वीबकेला सगळे, जसे घडले तसे सांगितले.

"वा!" वीबके म्हणाली. "मागच्या खेपेला नवरा, आता मेलेली बाई. पुढच्या वेळी बिशपला बोलाव."

"मी खोटं बोलत नाहीये."

"तेच तर. खोटं बोलताना तू इतकी चाचरत नाहीस." मग ती म्हणाली, "येते मी. पण बॅग उघडणार नाही."

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. भिंतीकडचा बिछाना इस्त्री केलेल्या चादरीत कडक ताणलेला. दोघींपैकी कुणीही त्याला हात लावला नाही. त्या रात्री दोघींचाही डोळा लागला नाही. झोप कुणी अंगावरून ओढून घ्यावी तशी. शेवटी दोघी खाली स्वयंपाकघरातल्या बाकावर जाऊन बसल्या आणि तीन वर्षांचे बोलणे उजाडेपर्यंत बोलल्या. वर आल्या तेव्हा भिंतीकडच्या उशीला खळगा पडला होता.

"तू झोपली होतीस इथं?" वीबकेने विचारले.

"मी तुझ्याजवळच होते."

वीबकेने उशीवर तळवा ठेवला आणि झटकन मागे घेतला. मग तिने निमूटपणे आपली बॅग उघडली.

दुसरी रात्रही तशीच गेली.

शनिवारी साडेअकराला त्यांनी खोली सोडली. भिंतीकडचा बिछाना रिकामा होता. पांघरूण मात्र कुणाच्या तरी अंगावर असावे तसे उंच. दोघींनी दार अलगद ओढून घेतले आणि टॅक्सीची वाट पाहत त्या जिन्याच्या तळाशी बसल्या. वीबकेने आईच्या खांद्यावर डोके टेकले होते.

बाराच्या ठोक्याला शहरभर भोंगे वाजू लागले. महिन्यातली नेहमीची चाचणी. तरी वीबकेने आईचा हात घट्ट धरला.

भोंगे थांबले. वर एक दार वाजले.

टोनीसबाई चादरींचा गठ्ठा छातीशी धरून जिन्याच्या वरच्या टोकाला आल्या.

"तुमच्या बाई भोंगा वाजताच उठल्या," त्या म्हणाल्या. "खडखडीत जाग्या. म्हणाल्या, त्या दोघींना सांगा, दोन्ही रात्री पुऱ्या मिळाल्या. माझं काही राहिलं नाही." त्यांनी खाली वाकून पाहिले. "आत्ताच तर उतरल्या. भेटल्या नाहीत?"

जिना एकच होता, अरुंद. त्याच्या शेवटच्या पायरीवर मायलेकी, पुढ्यात बॅगा ठेवून, अर्ध्या तासापासून बसल्या होत्या.