दाराशी ठेवलेलं ताट

आमचं नागपूर एकेकाळी राजधानी होतं, हे आम्ही पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो. आधी भोसल्यांची, मग इंग्रजांच्या मध्य प्रांताची. आता हिवाळ्यात अधिवेशन भरतं आणि उरलेलं वर्षभर आम्ही जुन्या गोष्टी उगाळतो. तेव्हा पाहुण्याला शहर फिरवणं यात काही विशेष नाही. पण या पाहुण्याला मी फिरवायला नव्हे, तपासायला नेत होतो.

माझी उभी हयात विजेचे मीटर तपासण्यात गेली. घरमालक हसत हसत चहा विचारतो तेव्हाच मीटरमागे चोरीची तार असते, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून जानेवारीत एकानं फोन करून ‘बाबन, मी गिरिधर बोलून राहिलो, तुहा मोठा भाऊ. आईले भेटायचं हाय,’ म्हटलं, तेव्हा मी सरळ विचारलं, “कोण गिरिधर?”

माझा भाऊ गिरिधर मिसरूड फुटायच्या आधीच उमरेडच्या घरातून पळाला. आम्ही कोष्टी. घरात माग होता, बाबा विणलेली लुगडी नागपूरच्या महाल भागात विकायला आणायचे. गिरिधर सुरतेकडे गेला असं लोक म्हणायचे. पुढे ना चिठ्ठी ना निरोप. आई आता नागपुरात, नंदनवन वस्तीत माझ्याजवळ असते. डोळे जवळपास गेले आहेत, आणि काळीज इतकं नाजूक की डॉक्टरांनी बजावलंय, कसलाही धक्का नको. अशा म्हातारीपुढे एखादा भामटा पोरगा म्हणून उभा राहिला आणि उद्या खोटा निघाला, तर आई हातची जायची. म्हणून मी ठरवलं, आधी मी पारखणार, मगच तो माझा उंबरा ओलांडणार.

“माणूस हाय तो, मीटर नाई,” माझी बायको तारा म्हणाली. “आई दर सव्वीस जानेवारीले त्याच्यासाठीच तर ताट काढते.”

ते खरं होतं. सव्वीस जानेवारीला आई सांभारवड्या करायची. पुणेकर ज्याला कोथिंबीर म्हणतात तो आमचा सांभार. हिवाळ्यात तो स्वस्त आणि घरोघरी वड्या. त्यांचं एक ताट ती दाराशी ठेवायची. “तुम्ही जा झेंडावंदनाले, ताराले बी घेऊन जा,” असं म्हणून आम्हाला घराबाहेर काढायची. मला ती कायम ‘तुम्ही’ म्हणते. आमच्याकडे पोरगा साठीला टेकला तरी आईसाठी ‘तू’ आणि ‘का बे’च असतो, त्यामुळे शेजारी हसायचे. मी समजायचो, सरकारी नोकरीचा मान. यंदा निवृत्त झाल्यामुळे झेंडावंदन नव्हतं, मी घरीच असणार होतो. आणि नेमका यंदाच हा फोन!

सव्वीस तारखेला सकाळी मी त्याला झीरो माइलपाशी बोलावलं. देशाची अंतरं मोजायला इंग्रजांनी रोवलेला दगडी खांब, बाजूला चार घोड्यांचे पुतळे. गळ्याशी मफलर गुंडाळलेला एक म्हातारा घोड्यांकडे बघत उभा होता. नाक आमच्या बाबांचं होतं. नाकानं मी फसत नाही.

“लहानपणी बाबांसोबत नागपूर पाहाले आलो होतो,” मी नमस्कारही न करता सुरुवात केली. “तवा पहिले काय पाहिलं?”

“हे घोडे,” तो म्हणाला. “तू म्हणाला...” तो थांबला. “बाबन म्हणाला, दादा, हे पळत काहून नाई?”

माझ्या तोंडावर माझंच नाव असं परक्यासारखं घेतलेलं मला आवडलं नाही. पण उत्तर बरोबर होतं. म्हणजे आई सांगत आली त्याच्याशी जुळत होतं. मला स्वतःला त्या सहलीतलं काही आठवत नाही. सीताबर्डीच्या किल्ल्यात मी हरवलो, संध्याकाळी सापडलो आणि मग तापानं फणफणलो. त्याच्या आधीचं सगळं पुसलं गेलं. उमरेडचं घर, बाबांचा माग, सगळं मी आईकडून ऐकूनच शिकलो.

मी एकेक विचारत गेलो. म्हातारा न अडखळता सांगत गेला. फक्त एक गोष्ट मला खटकत होती. मी त्याच्याकडे जसा बघत होतो, तसाच तोही माझ्याकडे बघत होता.

“तुले सांभारवडी आवडते?” त्यानं मध्येच विचारलं.

“छे! मले वास बी सोसत नाई. आई तुह्यासाठी करते.”

“मायासाठी?” तो म्हणाला. “मले सांभार कवाच चालला नाई. अंगभर गांधी उठतात.”

सापडला चोर! मला इतका आनंद झाला की विचारू नका. सगळं पाठ करून आलास रे बापा, आणि वडीत अडकलास! आता याला घरी न्यायचा प्रश्नच नव्हता. मी तसं बोलणार, तोच तो म्हणाला, “चाल, किल्ल्यावर जाऊ. वर्षातून दोन-तीनदाच उघडते. आज उघडा हाय.”

म्हटलं, चल. वर फौजेचे जवान असतात. तिथेच याचा सोक्षमोक्ष लावू.

चढावर कागदी झेंडे घेतलेल्या पोरांची झुंबड होती. दारात जवानानं पिशव्या तपासल्या. आत गेल्यावर गर्दी तोफांकडे वळली आणि म्हातारा दुसरीकडे. जुन्या इंग्रजी थडग्यांच्या मागे तटाची भिंत होती, तिच्यात बंदुका रोखायची भोकं. तो एका भोकाशी जाऊन थांबला. वाट शोधावी लागली नाही त्याला. ऊन होतं, तरी दगड ओलसर होता.

“घरची रीत आठवते का?” त्यानं विचारलं. “पोराले गर्दीत न्यायचं तर आई मागावरचं सूत मनगटाले बांधायची.”

ते मी ऐकून होतो. कोष्ट्याची गाठ, ओढाल तितकी घट्ट बसते. ती सोडायची नाही, कापायची नाही. सूत झिजून आपोआप गळेल तेव्हा गळेल.

“त्या दिवशी तू सापडला तवा तुह्या हातात सूत नव्हतं.”

“निसटलं असंन.”

त्यानं खिशातून लाल सुताचं एक कडं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. गाठ शाबूत होती. सूत कुठेही तुटलेलं नव्हतं. मी त्यात बोटं घातली. दोनच गेली, तिसरं शिरेना.

“पोराच्या पंज्यावरून हे निसटंन?” तो म्हणाला. “या भोकात सापडलं मले. मी बाबांले सांगत होतो, हा आपला बाबन नाई. बाबांनी मले बदड बदड बदडलं. तुह्याशेजारी झोपाची हिंमत होत नव्हती, म्हणून पळालो मी.”

“येडा झाला का बे?” मी ओरडलो.

तो उकिडवा बसला. तोंड भोकाजवळ नेऊन हळूच म्हणाला, “बाबन. ए बाबन. चाल ना बे घरी. आई वाट पाहून राहिली.”

“अरे, मी इथं हाव!”

त्यानं मागं पाहिलं नाही.

भिंतीतून आवाज आला. “हाव, दादा.”

लहान पोराचा आवाज होता. मी मागे पाहिलं. झेंडेवाली पोरं पार तिकडे तोफांपाशी होती. मी भोकाला डोळा लावला. पलीकडे उभा कडा, खाली दूर रेल्वेचे रूळ. पाय ठेवायला जागा नव्हती.

गिरिधरनं कोपरापर्यंत हात आत घातला आणि वाट पाहत राहिला. मग रिकामा हात बाहेर काढला.

मी घाबरलो. खोटं कशाला सांगू? चोर पकडायचा सोडून मी त्याच्या मागे मागे खाली उतरलो. ऑटोनं आम्ही घरी आलो.

नंदनवनात आई दाराशीच बसली होती. पुढ्यात सांभारवड्यांचं ताट. पावलांची चाहूल लागताच तिनं मान वर केली.

“आला का गा गिरिधर? भेटला का तो?”

“यंदाबी आवाजच आला, आई. हात नाई आला.”

यंदाबी. आम्ही झेंडावंदनाला जायचो तेव्हा दरवर्षी घरी कोण येत होतं, ते मला तेव्हा कळलं.

आईनं डोळे पुसले. मग अंदाजानं माझ्याकडे तोंड वळवलं, पण बोलली गिरिधरशीच.

“हे बी आले का सोबत? त्यायले म्हण, तुमचं जेवण आत झाकून ठेवलं हाय. हे ताट पोराचं हाय.”

आणि तिनं ताट हळूच माझ्यापासून लांब सरकवलं. तिचा हात थरथरत होता. इतकी वर्षं मी ते म्हातारपण समजत होतो.