चंदेरी रंगाखालचा बाण

वर घाटात पाऊस लागला होता. भीमा फुगली होती, आणि उजनी धरणाच्या तळात उघडं पडलेलं त्यांचं जुनं गाव संध्याकाळपर्यंत पुन्हा पाण्याखाली जाणार होतं. म्हणून अबरारनं सकाळीच गॅरेजला कुलूप घातलं, अम्माला उचलून जीपमध्ये बसवलं आणि बारामती सोडली. जरिनाअम्माला त्या गावात एकच जागा बघायची होती. तिच्या पहिल्या लेकीची, समिनाची कबर. पोर अकरा महिन्यांची होऊन गेली आणि पुढं दोन वर्षांत धरणाचं पाणी आलं.

अब्बा होते तोवर दुष्काळी साली एकटेच चिखल तुडवत जायचे आणि येऊन सांगायचे, "दगड जागेवर हाय." अम्माच्या गुडघ्यांना तो चिखल झेपणारा नव्हता. गेल्या साली अब्बा गेले, आणि दगडाची खबर आणणारं कुणी उरलं नाही.

चिखलात शिरायचं तर चारही चाकं ओढणारी गाडी पाहिजे. ती होती वडगाव निंबाळकरच्या दादासोकडं. चाळीस वर्षांची जीप, पण दादासोचा सगळा जीव तिच्यात! दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग द्यायचं नाव नाही. स्वतःच चालवायला आला.

आभाळ काळवंडलं होतं. उसाचे फड मागं पडले आणि मोकळा रस्ता लागताच दादासोनं वेग वाढवला. काटा चाळिसावर गेला, आणि गाडी थरथरायला लागली! पन्नासाला तर दात वाजायला लागले.

"आयला! हे कधीपासनं?" अबरार ओरडला.

"मला काय ठाऊक? ही शेतातच फिरती. विसाच्या वर कशाला जातीय!"

"न्यूट्रल कर. इंजिन बंद कर."

इंजिन थांबलं. गाडी नुसती घरंगळत होती, तरी थरथर तशीच. म्हणजे इंजिनाचा दोष नाही. अबरारनं एक हात स्टिअरिंगवर ठेवला, दुसरा सीटखाली पत्र्यावर.

"हातात न्हाय येत, बुडाखाली येतंय. पुढची चाकं न्हाईत ही. मागचा शाफ्ट हाय."

इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा तो लोखंडी दांडा. तो रुसला तर चिखलात काही खरं नाही.

"थांबायचं का?" दादासोनं विचारलं.

अबरारनं मागं पाहिलं. अम्मा पदरात गुलाबाच्या पाकळ्यांची पुडी घट्ट धरून बसली होती. "हळू चालव," तो म्हणाला. त्याचं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं.

कळस गाव मागं पडलं आणि खाली धाडकन आवाज झाला! खडखड, खडखड! दादासोनं करकचून ब्रेक दाबला.

चाकांना दगड लावून अबरार गाडीखाली सरपटला. हादऱ्यांनी शाफ्टचा एक बोल्ट तुटून गेला होता, बाकीचे तीन ढिले. त्यानं सांधे हलवून पाहिले. ते घट्ट होते. मग हादरा आला कुठून? तो शाफ्टकडं बघत राहिला. चंदेरी रंगानं कसा चकचकीत दिसत होता! मग त्यानं दोन्ही टोकं निरखून पाहिली.

शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, एकात एक दात घालून बसवलेला. दोन्ही टोकांचे, सांधा धरणारे कान एका रेषेत यावे लागतात, नाहीतर दांडा हादरे देतो. ते नेमके जुळावेत म्हणून दोन्ही तुकड्यांवर बाण कोरलेले असतात. इथं एक कान उभा होता, दुसरा कलला होता. त्यानं स्क्रू-ड्रायव्हरनं रंग खरवडला. एक बाण निघाला. दुसरा निघाला चांगला दोन बोटं बाजूला.

गेला दसरा! गाडीची पूजा करायची म्हणून दादासोनं जीप गॅरेजला आणली होती. शाफ्ट सोडवला, धुतला, ग्रीस भरलं. "अबरार, खालून बी नवरी दिसली पायजे!" दादासो म्हणाला होता. दाराशी पूजेला आलेल्या गाड्यांची रांग होती. त्या घाईत अबरारनं आधी रंग मारला आणि मग जोडणी केली. स्वतःच्या हातानं!

"अम्मा," गाडीखालूनच तो म्हणाला, "चूक माझीच हाय गं."

 अम्मा आभाळाकडं बघत होती.

चिखलानं जाम झालेले दुसऱ्या टोकाचे बोल्ट निघता निघेनात. बोटं सोलली. शाफ्ट ओढला, फिरवला, बाणासमोर बाण आणला, पुन्हा घातला. स्टेपनीच्या पट्टीचा बोल्ट काढून चौथा बसवला. दोन तास गेले! ते दोन तास अबरारच्या छातीवर बसले.

पुढं जीप पन्नासानं गेली, साठानं गेली. ना थरथर, ना कुरकुर. एरवी दादासोनं टाळी मागितली असती. आज नुसती गाडी पळवत होता.

धरणाच्या काठावरून खाली तळ पसरला होता. काळा, भेगाळलेला, मैलभर. दूर पडक्या भिंती आणि एका वाळक्या कडुलिंबाचा बुंधा.

"त्येच झाड!" अम्मा पुढं वाकली. "त्येच्याच खाली!"

फोर-व्हील टाकली. जीप गुरगुरत उतरली. भेगा संपल्या, ओल लागली, मग गाळ. चाकं बुडत होती, निघत होती. शाफ्ट मुकाट ओढत होता. झाड तीनशे पावलांवर आलं. आणि डावीकडून पाणी सरकत आलं! करडं, संथ, आवाज न करणारं. बघता बघता भिंती ओलांडून झाडाला भिडलं.

अबरारनं उडी मारली. दहा पावलं. गुडघाभर गाळ. वीस पावलं. मांडीभर! पाय निघेना!

"अबरार! माघारी फीर!" अम्मा उभी राहून किंचाळली. "एक त्या पाण्याखाली हाय. दुसरं न्हाय द्यायची मी!"

तो थबकला. समोर लिंबाचा बुंधा पाण्यात उभा होता, आणि बुंध्याखाली नुसतं पाणी होतं. दादासोनं दोर फेकला. तो कमरेला बांधून अबरार चिखलातून ओढत ओढत माघारी आला.

पाणी जीपपासून हाताच्या अंतरावर आलं, तेव्हा अम्मानं पुडी सोडली, डोळे मिटून फातिहा म्हटली आणि पाकळ्या पाण्यावर टाकल्या. दादासोनं उलटा गिअर टाकला. चारही चाकांनी गाळ फेकला आणि जीप काठाला लागली.

परतीच्या वाटेवर गाडी इतकी शांत होती, की अम्माचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"तू लई पुढं गेलतास," ती म्हणाली. "दिसला का रं दगड?"

दादासोनं रस्त्यावरची नजर हलवली नाही. अबरार चिखलानं माखलेल्या हातांकडं बघत राहिला.

"दिसला, अम्मा. जागेवर हाय."

 मग मागून तिचा हात आला आणि त्याच्या चिखलानं भरलेल्या केसांवर टेकला.

"तुझा बाप बी असाच खाली बघून सांगायचा."