चौथ्या बोअरचं पाणी

खाणमालकाचा फायदा सगळ्यांना तोंडपाठ होता. खडीच्या खाणीभोवती चार बोअर मारलेले. दर महिन्याला त्यांतल्या पाण्याची पातळी मोजायची, बाटल्या भरून तपासायला पाठवायच्या. पातळी उतरली किंवा पाण्यात तेल निघालं, की खाण बंद. दोन्ही ठीक असली, तर आणखी खोल खोदायची परवानगी. ती मिळायच्या तोंडावर मोजणारा माणूसच खाणीच्या तळाशी मान मोडून पडला. भरलेल्या बाटल्यांची पिशवी वर काठावर, चौथ्या बोअरपाशी.

"मालकानंच ढकललं," निवृत्त हवालदार म्हणाले.

"फायदा झाला तो खुनी म्हटलं, हवालदार, तर एकही वारसदार मोकळा फिरला नसता," टाचणीबाई म्हणाल्या. खासगी तपासाच्या धंद्यात हे नाव त्यांना उगीच पडलं नव्हतं.

मोजणाऱ्याची बायको समोर बसली होती. तिनं नवऱ्याचे बूट पुढे ठेवले. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे.

"पडले तेव्हा हेच पायात होते. पाय घसरला म्हणून सगळे मोकळे झाले. हे घसरणारे नव्हते, बाई. आणि आमच्या विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास येतो. पोरांच्या अंगावर पुरळ उठलंय. हे म्हणायचे, बोअर तर ठीक दाखवतोय. आता पोरांना ते पाणी देऊ की नको, एवढं तरी सांगा."

"बोअरच्या कुलपाची किल्ली?"

"दारामागच्या खिळ्याला. त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नसे."

"घरी येणं-जाणं कुणाचं?"

"माझा धाकटा भाऊ दोन्ही वेळा जेवायला असतो. खाणीवर पंप तोच बघतो, टँकरही तोच चालवतो. जेवतो आमचं, पाणी मात्र स्वतःच्या बाटलीतलं. पोटाला मानवत नाही म्हणतो."

हवालदारांना त्या पोटाची दया आली. टाचणीबाईंना आली नाही.

खाणमालक थंडगार कचेरीत बसला होता. "किल्ली त्यानं मला जन्मात दिली नसती. मी कामगारांना एवढंच सांगितलं, खाण बंद तर चुली बंद. कोणाला काही करायला सांगितलं नाही."

"सांगायला कशाला लागतं?" टाचणीबाई म्हणाल्या.

प्रयोगशाळेतल्या बाई आधीच चिडलेल्या. "तीन बाटल्या स्वच्छ. चौथ्या बोअरच्या बाटलीत डासाच्या अळ्या. बाटली धुतली नसेल."

"ते न धुता भरायचे?"

"कधीच नाही. उलट आधी साचलेलं पाणी उपसून टाकायचे, मग भरायचे. म्हणून तर नवल."

पंपवाला उघड्या हौदाच्या कठड्यावर बसून आपल्या बाटलीतलं पाणी पीत होता. "दाजी दिसलेच नाहीत मला. सकाळी हौदातून टँकर भरला, धूळ बसावी म्हणून सगळा रस्त्यावर मारला. चिखल झाला होता नुसता. मग खाली पंपावर गेलो. हाक आली असती तरी पंपाच्या आवाजात काय ऐकू येणार?"

"चौथ्या बोअरला दुसरी वाट आहे का?"

"हीच एक."

टाचणीबाईंनी हौदात बोट बुडवलं. पाण्यात काहीतरी वळवळून खाली गेलं.

मग त्यांनी किल्ली मागवून चौथा बोअर उघडला. हा बोअर खाण आणि वस्ती यांच्यामध्ये. टेपला खडू फासून आत सोडला. जिथवर भिजतो तिथवर पाणी. टेप कोरडा आला. आणखी सोडला, पुन्हा कोरडा. पाणी लागलं तेव्हा टेप संपत आला होता. वर आला तो डिझेलचा वास घेऊनच.

"मागच्या मोजणीत पाणी बरंच वर होतं की," हवालदार म्हणाले. "आपलंच चुकलं असणार."

"आपण फक्त न सांगता आलो."

संध्याकाळी सगळे मोजणाऱ्याच्या घरी बसले. दारात फौजदार उभे होते.

"जमिनीखालच्या झाकलेल्या पाण्यात डास अंडी घालत नाहीत," टाचणीबाईंनी सुरुवात केली. "अळ्या उघड्या हौदातल्या. हौदातलं पाणी बोअरमध्ये गेलं, म्हणजे कुलूप किल्लीनं उघडलं. किल्ली या खिळ्याला. मोजणीच्या दिवशी टँकर ओतला, की पातळी वर येते आणि तेलही पातळ होतं."

"टँकर मी रस्त्यावर मारला," पंपवाला म्हणाला.

"मग बूट चिखलाचे असते. त्या एकुलत्या वाटेवरून चालत आलेला माणूस धुळीनं पांढरा झाला होता."

हवालदारांनी बुटांकडे पाहिलं आणि खुर्ची जरा मागे घेतली.

"मोजणाऱ्याला बाटलीत अळ्या दिसल्या. त्यानं आधी हौद पाहिला, मग मेव्हण्याला."



"दाजी म्हणाले, आजच कळवतो," पंपवाला म्हणाला. "मी म्हटलं, खाण बंद झाली तर मी खाऊ काय? ते वळले. मी दंड धरला, त्यांनी झटकला. मग मीच लोटलं. ताई, मी मुद्दाम..."

बहिणीनं दाजींचा विषय काढलाच नाही. "तू आमचं पाणी का पीत नव्हतास?"

त्यानं आपली पाण्याची बाटली खुर्चीखाली सरकवली.

"पोरं तुझ्या शेजारी बसून पीत होती रे."

बोअरचा खरा आकडा नोंदवला गेला आणि खाण बंद झाली. मोजणारा जिवानिशी गेला. मेव्हणा तुरुंगात गेला. बाईचा नवरा गेला, भाऊ गेला. आता वस्तीतल्या इतर बायांबरोबर ती लांबून पाणी आणते, कारण विहीर काही वर्षं तरी निवळणार नाही. पोरांचं पुरळ औषधानं बसतं, पुन्हा उठतं.

मालकानं कुणाला काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यानं यंत्रं पलीकडच्या टेकडीवर नेली. तिथंही चार बोअर मारलेत, आणि मोजायला माणूस हवा आहे.