आसेगावची घोडी

शनिवार, १० मे १९७५. दिवसभर झळा, संध्याकाळी वावटळ. रात्री वारा पडलेला, चंद्र नाही.

त्या दिवशी माझा मित्र देवमन आसेगावला अमरसिंगांची घोडी आणायला गेला. दुसऱ्या दिवशी त्याचं लग्न होतं. आमच्या बौद्ध वस्तीतला एकही नवरदेव तोवर गावातून घोडीवर बसून गेला नव्हता. वरच्या आळीतल्या पोरांनी निरोप धाडला होता, "बसून तर दाखव, तंगडं मोडतो."

अमरसिंगांनी दावं त्याच्या हातात दिलं. "ने. पण वेशीपाशी उतरू नको बाप्पा. माह्या किसनकाकाले ते चालत नाई."

"काका कुठं हायेत?"

"तो त कवाचा वारला."

हे किसनसिंग पहिल्या महायुद्धाआधी सिकंदराबादच्या छावणीत अडथळ्यांच्या शर्यतीत घोडे पळवायचे. चांगल्या घोड्यावर साहेब स्वतः बसायचा, बिथरलेला यांच्या वाट्याला यायचा. सगळ्या उमेदीत दोनच शर्यती जिंकल्या. शेवटच्या शर्यतीत कुडावरून, म्हणजे काटक्यांच्या अडथळ्यावरून, उडी घेताना पडले, डाव्या खांद्याचं हाड मोडलं. तरी पुन्हा चढले आणि उरलेले कूड ओलांडले. तोवर माणसं घरी गेली होती. निकालात नाव लागलं नाही.

देवमन घोडीवर बसून निघाला. अंधार पडल्यावर आमच्या गावाची वेस आली आणि तो उतरला. भ्याला म्हणून नाही, पोरांनो. आमच्या बापजाद्यांनी तिथे कायम चपला हातात घेतल्या होत्या. पायांना तीच सवय.

समोर वाटेवर बाभळीच्या फांद्या छातीइतक्या रचलेल्या. पलीकडे विड्यांचे निखारे.

"काहून रे नवरदेवा? पायी?" कोणीतरी हसलं.

देवमनने घोडी वळवायला दावं ओढलं. घोडी हलेना.

"उतरला कायले?"

आवाज अगदी शेजारून आला. बुटका माणूस. डावा खांदा खाली पडलेला...

"बस."

"मले उडी येत नाई, बाबा."

"तिले येते. तू आयाळ धर."

"अन् पडलो त?"

"पडला त पुन्यांदा बस."

देवमन बसला. घोडी आपणहून मागे सरली. थांबली.

मग धावली.

टापा दोन घोड्यांच्या होत्या. त्याची घोडी... आणि उजवीकडे दुसरी. उजवीकडे काही नव्हतं.

काटे जवळ आले.

टापा थांबल्या...

...

मग जमीन लागली. विड्या मातीत पडल्या होत्या. माणसं पळत होती. देवमनने चौकात घोडी फिरवली आणि ओरडला, "देवमन आला रे! उद्या दिवसाढवळ्या येतो! पाह्याले या!"

"अन् तो बुटका, मामा?" काल हे सांगत होतो तेव्हा माझ्या बहिणीच्या, वच्छलाच्या पोराने विचारलं. देवमनने मागे वळून पाहिलं, तेव्हा काट्यांपलीकडे कोणी नव्हतं.

रविवारी दुपारी वरात गावातल्या वाटेने गेली. नवरदेव वेशीपाशी उतरला नाही. कोणी आडवं आलं नाही.

सोमवारी घोडी परत करताना देवमनने तिच्या पाठीवरची गोधडी काढली. ती त्याच्या आईने शिवलेली, घरची. एका कोपऱ्यात काहीतरी जड लागलं. शिवण कुठेच उसवलेली नव्हती. अमरसिंगांनी ती चाकूने उसवली. आतून तळहाताएवढी शिशाची पट्टी निघाली, शर्यतीत हलक्या स्वाराचं वजन भरून काढायला जिनात घालतात तशी.